बुडालेली मजुरी कोणी भरायची?

बाळंतपणात घरातली एक कमाई थांबते. ती किती दिवस थांबणार आणि तेवढ्या दिवसांचे पैसे कुठून येणार, हे मात्र बाई कुठे कामाला आहे त्यावर ठरतं. एकट्या पुणे जिल्ह्यातल्या चार बायका घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेला १८० दिवसांची भरपगारी रजा आहे. चाकणच्या कारखान्यात महिना अठरा हजारांवर काम करणाऱ्या आणि राज्य कामगार विम्यात नाव असलेल्या मुलीला २६ आठवडे घरी राहूनही सरासरी रोजाएवढी रक्कम मिळते. कोथरूडमध्ये पाच घरची धुणीभांडी करणारी बाई आठव्या महिन्यात काम सोडते, जाताना बदली बाई देऊन जाते, आणि परत येईपर्यंत त्यातली दोन-तीन घरं त्या बदली बाईचीच झालेली असतात. चौथी बीडहून इंदापूरकडे ऊस तोडायला आलेली. ती दिवस भरत आले तरी फडात मोळ्या वाहते, आणि ज्या दिवशी बसते त्या दिवसाचा खाडा तिच्या जोडीच्या हिशेबात लागतो.

चौघींच्याही अंगाला विश्रांती तेवढीच लागते. सव्वा महिना बाळंतिणीला जपायची रीत चौघींच्याही घरी आहे. पण थांबलेली कमाई भरून कोणी द्यायची, मालकाने, विम्याने, सरकारने की घराने, या प्रश्नाला चौघींच्या वाट्याला चार वेगळी उत्तरं आली आहेत. मुंबईत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांमुळे पुढे आला. तेव्हा निघालेल्या तोडग्यातली उणीव आजच्या कायद्यापर्यंत तशीच चालत आली आहे.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे गेले होते. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारणाऱ्या जोशींना गिरणगावातल्या खोल्या आतून माहीत होत्या. त्या परिषदेत बाळंतपणाबद्दल जो करार झाला, त्यात प्रसूतीआधी आणि प्रसूतीनंतर मिळून बारा आठवड्यांची रजा होती आणि त्या काळात आई व मूल नीट जगू शकतील एवढा पैसाही होता. हा पैसा सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून यावा, असं करारात स्वच्छ लिहिलं होतं. भारताने तो करार स्वीकारला नाही. इथल्या परिस्थितीची पाहणी करायचं तेवढं ठरलं.

त्या पाहणीसाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांची नेमणूक केली. १९२२ साली आलेल्या त्यांच्या अहवालाने गिरणगावातलं बाळंतपण पहिल्यांदा सरकारी कागदावर आणलं. गिरण्यांतल्या कामगारांत तेव्हा साधारण दर पाचवी व्यक्ती बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीळिंगच्या खात्यांत, तुकड्यावर काम करणाऱ्या. एकेका खोलीत माणसं दाटीवाटीने राहत आणि बाळंतपणही तिथेच होई. कामावर परतलेली आई तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन जाई, म्हणजे ते दिवसभर झोपून राही. पुढे कामगारांच्या प्रश्नांवरच्या रॉयल कमिशनलाही १९३१ मध्ये या गोळीची दखल घ्यावी लागली. गोळी देणाऱ्या आईला दोष देणं सोपं होतं आणि तो पुष्कळांनी दिलाही. पण खोलीचं भाडं आणि वाण्याची उधारी एका पगारात भागत नव्हती. मुलापाशी थांबावं तर मजुरी बुडत होती, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई करणारं कुणी नव्हतं.

जोशींनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. ते पडलं. मग मुंबई विधिमंडळात आर. एस. आसवले यांनी तसंच विधेयक मांडलं आणि २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. ते भाषण आजही काढून वाचावं असं आहे. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, हे त्यांनी आधी मांडलं. आणि राष्ट्राच्या हिताचं असेल तर त्याचा बराचसा भार सरकारनेच उचलायला हवा, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालकाला मोकळं सोडायला ते तयार नव्हते. मालक बायकांना कामावर घेतो तो त्यात आपला फायदा बघूनच. तेव्हा त्या फायद्याबरोबर जबाबदारीचा वाटाही त्याने घेतला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. अशा तऱ्हेचा तो देशातला पहिलाच. रोजाला आठ आणे, जास्तीत जास्त सात आठवडे, आणि पैसे द्यायचे मालकाने. आंबेडकरांच्या मांडणीतला मालकाचा वाटा कायद्यात आला. सरकारचा आला नाही.

याचे परिणाम काय होतील ते तेव्हाच दिसत होतं. बाई ठेवली की बाळंतपणाचा खर्च आला, आणि पुरुष ठेवला की तो टळला. पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतून बायका कमी होत गेल्या. त्याला रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं, खात्यांची फेररचना अशी बरीच कारणं होती, सगळा दोष या कायद्यावर टाकता येणार नाही. तरी मालकांच्या हिशेबात हा आकडाही होताच. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर आंबेडकरांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्त्या आणल्या. म्हणजे १९२८ मध्ये हाती घेतलेला विषय त्यांनी सोडला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर एक चांगली वाट सापडली होती. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा. त्यातून आलेल्या विम्यात आज मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, मग कामगार बाई असो की पुरुष. बाळंतपणाचे पैसे या सामायिक निधीतून जातात. त्यामुळे कारखान्यात पन्नास बायका असोत की एकही नसो, मालकाची वर्गणी पगाराच्या त्याच प्रमाणात राहते आणि बाई नाकारून त्याचा एक रुपयाही वाचत नाही. आधीच्या दोन वर्गणी-कालखंडांत ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली की २६ आठवड्यांची पूर्ण मजुरी मिळते. महिना २१ हजार कमावणारीसाठी ही रक्कम सव्वा लाखाच्या पुढे जाते. चार उत्तरांतलं हे उत्तर सर्वांत शहाणपणाचं म्हणायला हवं. अडचण एवढीच, की २१ हजारांच्या वर पगार गेला की ही वाट बंद होते आणि संघटित कारखान्यांच्या, आस्थापनांच्या कुंपणाबाहेर ती फारशी पोचतच नाही.

२१ हजारांच्या वरच्यांसाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा. तो पुन्हा १९२९ च्याच वळणावर गेला: पैसे मालकाचे. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली, दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवडे दिले. आठवड्यांचा आकडा जगातल्या चांगल्या देशांच्या बरोबरीला आला आणि त्याचं कौतुक झालं ते रास्तच होतं. खर्चाची वाटणी मात्र कुणी हलवली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात एकट्या मालकावर हा थेट खर्च टाकू नये असं कलमच आहे. आपण उलट त्याच मालकावरचा भार दुपटीहून अधिक केला.

त्याचा फटका कायद्यात कुठेच दिसत नाही, तो मुलाखतीच्या खोलीत बसतो. ‘लग्न झालंय का? पुढचं काय ठरवलंय?’ हा प्रश्न नोकरी मागणाऱ्या तरुण मुलीला विचारला जातो, तिच्या शेजारी बसलेल्या मुलाला नाही. टीमलीज या मनुष्यबळ कंपनीने २०१८ मध्ये केलेल्या अंदाजात लहान-मध्यम उद्योग नव्या कायद्यामुळे बायका घ्यायला कचरतील आणि लाखो नोकऱ्या हातच्या जातील असं म्हटलं होतं. अंदाज तो अंदाजच. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुद्द कामगार मंत्रालयानेही १५ हजारांपर्यंतच्या पगारासाठी सात आठवड्यांचं वेतन मालकांना परत देण्याची योजना विचाराधीन असल्याचं सांगितलं. म्हणजे दुखणं कुठे आहे ते सरकारलाही ठाऊक होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, १९६१ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, आणि २६ आठवडे मालकानेच द्यायचे हे सूत्र त्यातही तसंच राहिलं.

न्यायालयांनी आपल्या परीने कुंपण रुंद केलं. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीने काम करणाऱ्या बायकांना सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हा लाभ मिळवून दिला. कंत्राटाची मुदत संपली म्हणून बाळंतिणीचा हक्क संपत नाही, हे २०२३ मध्ये सांगितलं. पण न्यायालय गाठायला आधी हजेरीपटावर नाव लागतं किंवा हातात कंत्राट लागतं.

आणि इथेच सगळ्यात मोठा आकडा उभा राहतो. २०१७ च्या दुरुस्तीचा लाभ सुमारे १८ लाख बायकांना होईल असं सरकारनेच सांगितलं होतं. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त मुलं जन्माला येतात. काम करणाऱ्या बायकांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यात, शेतात राबतात. ठरावीक पगारावर असलेली सहांतून एखादी. भाजीची पाटी, शिलाई मशीन, सासऱ्याच्या नावावरचं वावर, यांत प्रसूती रजेचा अर्ज करायचा कुणाकडे?

या बायकांसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने एक कलम घातलं. सरकारी नोकरीतल्या किंवा दुसरीकडून असा लाभ मिळणाऱ्या बायका सोडून प्रत्येक गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये. संसदेने ‘प्रत्येक’ म्हटलं होतं. त्याआधी २०१० पासून इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत चालत होती, महाराष्ट्रात अमरावती आणि भंडाऱ्यात. २०१७ पासून तिच्या जागी प्रधानमंत्री मातृवंदना योजना देशभर आली. येताना ती दोन्ही बाजूंनी आखडली. रक्कम पाच हजार झाली आणि लाभ पहिल्या अपत्यापुरता उरला. उरलेले हजार जननी सुरक्षा योजनेतून भागतात असं गृहीत धरलं गेलं, पण महाराष्ट्रात त्या योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला खेड्यात सातशे आणि शहरात सहाशे रुपये मिळतात. २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी असेल तर सहा हजार मिळू लागले. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला आहे. पण दुसऱ्या बाळंतपणात मुलगा झाला म्हणून आईची मजुरी कमी बुडते असं होत नाही.

पाच हजार म्हणजे किती? रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. पाच हजारांत सोळा दिवसांची मजुरी येते. आठवड्याला सहा दिवस धरून २६ आठवड्यांची मजुरी होते ४८,६७२ रुपये. ‘लाडकी बहीण’ योजनेत महिन्याला दीड हजार मिळतात, तिथे चार महिन्यांत सहा हजार होतात. अन्नसुरक्षा कायद्यातला सहा हजारांचा आकडा २०१३ पासून जागचा हललेला नाही. तेवढ्या काळात गॅसच्या टाकीपासून तुरीच्या डाळीपर्यंत सगळ्याचे भाव कुठे गेले ते घर चालवणारीला सांगावं लागत नाही.

पैसे थोडे, आणि तेही हाती यायला अंगणवाडीत नोंद, माता-बाल संरक्षण कार्ड, आधारशी जोडलेलं खातं, बाळाचा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, एवढं सगळं जुळावं लागतं. त्यात आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद सासरच्या अंगणवाडीत, सोनोग्राफी तालुक्याला, प्रसूती माहेरच्या ग्रामीण रुग्णालयात, आधारवर लग्नाआधीचं नाव. पहिल्या वेळचा दवाखाना, डिंकाचे लाडू, बारसं, बाळंतविडा, हे सगळं माहेर करतं. गरीब घरात बाळंतपणाचा खरा विमा आजवर माहेरच राहिलं आहे आणि त्याचा हप्ता म्हाताऱ्या आईबापांनी सावकाराकडून, बचत गटातून उचलला आहे. दुसऱ्या वेळी माहेरही हात आखडतं. नेमकी तेव्हाच, मुलगी झाली नाही तर, सरकारी योजनाही थांबते.

ऊसतोडीत हे सगळं एकत्र येऊन आदळतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, धारूर, केज, पाथर्डीकडची गावं रिकामी होतात आणि माणसं मार्च-एप्रिलपर्यंत फडावर राहतात. मजूर मोजायचं एकक आहे कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मुकादमाकडून नवरा घेतो, हिशेबाची वही त्याच्या नावाची. बाई ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पहाटे उठून कोपीवर भाकरी थापते. तिच्या नावाची मजुरी मात्र कुठल्याच कागदावर नसते. कारखाना म्हणतो माणसं मुकादमाची, मुकादम म्हणतो मी नुसता पुरवणारा. मग तिचा मालक कोण आणि तिला २६ आठवडे देणार कोण? गावच्या अंगणवाडीत नोंद असते आणि बाई दोनशे किलोमीटरवर फडात. ती बसली की जोडी मोडते, खाडा पडतो, उचल फिटायला आणखी एक हंगाम लागतो.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. यामागे डॉक्टरांचा लोभ आहे, लहान वयातली लग्नं आहेत, फडावर ना पाणी ना संडास अशी परिस्थिती आहे. आणि अंगावरचं दुखणं, पाळी, गर्भारपण यांसाठी एक दिवसही भरपगारी न मिळणं हेही आहे. महिला किसान अधिकार मंचाच्या कार्यकर्त्या हे वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत: बाईची मजूर म्हणून स्वतंत्र नोंद करा, बाकीचे हक्क त्या नोंदीवर येतील.

नोंद झाली की काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव असलेल्या बाईला नैसर्गिक प्रसूतीसाठी १५ हजार आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीसाठी २० हजार रुपये मिळतात, दोन अपत्यांपर्यंत. हा पैसा बांधकामांवरच्या उपकरातून येतो. गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्या बाईला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणावा लागतो आणि ठेकेदार तो सहजासहजी देत नाही. तरीही निधी आहे, दर ठरलेला आहे आणि भांडायला एक कचेरी आहे.

दुसरी राज्यं यात पुढे गेली. तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना १९८७ पासून आहे. २००६ मध्ये तिथे सहा हजार दिले जात होते, म्हणजे संसदेने सहा हजारांचं कलम लिहिण्याच्या सात वर्षं आधी. २०११ मध्ये बारा हजार झाले आणि नंतर पोषण आहाराच्या पेट्या धरून अठरा हजार. ओडिशाने २०११ मध्ये ‘ममता’ योजना सुरू केली ती पहिल्याच दिवसापासून दोन अपत्यांसाठी. आसामने चहाच्या मळ्यातल्या गर्भवती बायकांना बुडालेल्या मजुरीपोटी बारा हजार द्यायला २०१८ मध्ये सुरुवात केली. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुरांचं एवढं मोठं राज्य असून महाराष्ट्राला हे जमू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

या सगळ्या चर्चेत बाप कुठेच येत नाही. केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायदा काहीच देत नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं अशासकीय विधेयक मांडलं होतं. संघटित असो की असंघटित, प्रत्येक बापाला पंधरा दिवस, आणि ते तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावेत, अशी त्यात तरतूद होती. सातव २०२१ मध्ये गेले. विधेयकाचा कायदा झाला नाही.

स्वीडनने १९७४ मध्येच प्रसूती रजेच्या जागी पालक रजा आणली. आज तिथे एका मुलामागे ४८० दिवस आहेत आणि त्यातले ९०-९० दिवस आई आणि बाप दोघांनाही प्रत्येकी राखून ठेवलेले. एकाचे दुसऱ्याला देता येत नाहीत. भत्ता सरकारी विमा देतो. त्याची वर्गणी प्रत्येक मालक सगळ्या कामगारांच्या एकूण पगारावर भरतो. त्यामुळे स्टॉकहोमच्या कंपनीत नोकरीला गेलेल्या मराठी जोडप्यातला बापही महिनोन् महिने घरी राहून बाळ सांभाळू शकतो आणि घरात पैसे येत राहतात. या तत्त्वाचा धागा १९१९ च्या त्या वॉशिंग्टन करारात सापडतो आणि आपल्याच राज्य कामगार विम्यातही.

महाराष्ट्रात हे सर्वांसाठी करायचं तर खर्च किती? राज्यात वर्षाला साधारण १८-१९ लाख मुलं जन्मतात. प्रत्येक आईला, तिचं काम कुठलंही असो आणि अपत्य कितवंही असो, रोजगार हमीच्या दराने २६ आठवड्यांची मजुरी दिली तर सुमारे नऊ हजार कोटी रुपये लागतील. यातून सरकारी नोकरीतल्या, विम्यातल्या आणि मालकाकडून रजा घेणाऱ्या बायका वजा केल्या की आकडा आणखी खाली येतो. ‘लाडकी बहीण’साठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी धरले होते. त्याच्या चौथ्या हिश्श्यात हे बसतं.

नऊ हजार कोटी एका फटक्यात नकोत असं कुणी म्हटलं, तर सुरुवात उसापासून करावी. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या दर टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलेलं आहे. महाराष्ट्रात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास गाळप होतं, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून दोनशे कोटी. ऊसतोड कुटुंबांत वर्षाला वीस हजार बाळंतपणं धरली, तर २६ आठवड्यांच्या मजुरीला ९७ कोटी रुपये पुरतात. त्यासाठी नवा कर लावायला नको, नवं मंडळही नको. हंगाम सुरू होताना मुकादमाच्या वहीत आणि महामंडळाच्या यादीत कोयत्याच्या जागी दोन नावं लिहावी लागतील, नवऱ्याचं एक आणि बायकोचं एक, आणि तिच्या नावापुढे तिचा स्वतःचा खाते क्रमांक.